विहीर खारट का झाली? : सक्तीचा एक विषय आणि वसईचा किनारा

पर्यावरण हा विषय पदवीच्या अभ्यासक्रमात सक्तीचा होऊन आता दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९१ मध्ये दिलेला आदेश, त्याची अंमलबजावणी होत नाही हे पाहून २००३ मध्ये पुन्हा दिलेले निर्देश, आणि त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने आखलेला सहा महिन्यांचा अभ्यासक्रम, असा या सक्तीचा थोडक्यात इतिहास आहे. न्यायालयाच्या आदेशाने वर्गात आलेला हा बहुधा एकमेव विषय असावा. तो शिकवण्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर मात्र आदेशात नव्हते. त्यामुळे ज्यांचा कार्यभार कमी पडतो त्यांच्याकडे हा विषय जातो, आणि मराठीचे अध्यापक असलेल्या आमच्याकडेही तो त्याच वाटेने आला.

मूळ आराखडा वाईट नव्हता, हे प्रथम नोंदवले पाहिजे. पन्नास तासिकांपैकी पंचेचाळीस वर्गात आणि पाच तासिकांइतका वेळ प्रत्यक्ष क्षेत्रकार्याला. शंभर गुणांपैकी पंचवीस गुण त्या क्षेत्रकार्याचे. परंतु व्यवहारात काय झाले, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. क्षेत्रकार्याची जागा प्रकल्पवहीने घेतली, आणि वहीची जागा गेल्या वर्षीच्या वहीने. 'प्रदूषण म्हणजे काय ते सांगून त्याचे प्रकार स्पष्ट करा' या प्रश्नाला जे उत्तर नांदेडला लिहिले जाते तेच नालासोपाऱ्यालाही लिहिले जाते.

हे असे का झाले? साधनांचा अभाव, वर्गांची मोठी संख्या, शिक्षकांना न मिळालेले प्रशिक्षण ही कारणे खरीच आहेत. पण आम्हाला त्यांच्या मुळाशी आणखी एक कारण दिसते. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांची जी मूलभूत कर्तव्ये सांगितली, त्यांत दोन कर्तव्ये लागोपाठ येतात. पहिले निसर्गाचे रक्षण करण्याचे आणि प्राणिमात्रांविषयी दया बाळगण्याचे. त्याच्या लगतचे वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी यांचा विकास करण्याचे. आमच्या अभ्यासक्रमांनी यातले पहिले उचलले आणि दुसरे बाजूला ठेवले. पर्यावरण हा संस्काराचा विषय ठरला, चिकित्सेचा ठरला नाही. संस्काराच्या विषयात उत्तर आधीच ठरलेले असते, आणि प्रश्न विचारणारा विद्यार्थी अडचणीचा वाटू लागतो.

फुल्यांचे गद्य

वास्तविक मराठी गद्याला हे दोन धागे एकत्र विणण्याची सवय जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' नंतर १८४० मध्ये 'दिग्दर्शन' हे मासिक काढले, ते भौतिक शास्त्रांचे ज्ञान मराठीत आणण्यासाठी. परंतु या संदर्भात आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो तो जोतीराव फुले यांचा १८८३ मधील 'शेतकऱ्याचा असूड'. हा ग्रंथ आपण सामाजिक विषमतेचा दस्तऐवज म्हणून शिकवतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यात मातीविषयीचा एक स्वतंत्र युक्तिवाद आहे, त्याकडे वर्गात सहसा लक्ष जात नाही. डोंगरावरचा पालापाचोळा, मेलेल्या जीवजंतूंचे अवशेष पावसाच्या पाण्याबरोबर वाहत येऊन शेतांना खत कसे मिळत असे, सरकारी जंगलखात्याने गायराने ताब्यात घेतल्यावर शेतकऱ्याच्या जनावरांचे आणि पर्यायाने शेताचे काय झाले, पाणी जमिनीत मुरावे म्हणून ताली-बंधारे कोठे आणि कसे घालावेत, हे फुले क्रमाने मांडतात.

यातील निष्कर्षांइतकीच त्यांची रीतही पाहण्यासारखी आहे. आधी निरीक्षण, मग कारण, मग त्या कारणामागे उभी असलेली सत्ता, आणि शेवटी करता येण्याजोगा उपाय. पर्यावरणाचा प्रश्न हा एकाच वेळी मातीचा, कायद्याचा आणि जातीचा प्रश्न असतो, ही समज या मांडणीत आहे. पर्यावरणाच्या पाठ्यपुस्तकात 'मृदासंधारण' हा शब्द येतो, पण त्या शब्दामागचा हा वाद येत नाही.

विज्ञानशिक्षणात भाषेचा वाटा किती मोठा असतो, हेही महाराष्ट्रात पूर्वीच तपासले गेले आहे. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात आणि पुढे मुंबईच्या महापालिका शाळांतून काम केले. पाठ्यपुस्तकाची भाषा सोपी केली की मुलांचे विज्ञानाचे आकलन सुधारते, असे व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. मुलांची अडचण अनेकदा विज्ञानाची नसून वाक्याची होती. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सोळा शाळांतून सुरू झालेला होशंगाबादचा विज्ञान कार्यक्रम याच काळातला. प्रयोग स्वतः करायचा आणि परीक्षेला पुस्तक उघडे ठेवायचे, ही त्याची पद्धत. तीस वर्षे चाललेला तो कार्यक्रम २००२ मध्ये शासनाने बंद केला. त्याच्या पुढच्याच वर्षी पर्यावरणाच्या सक्तीचे नवे निर्देश आले, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

एक किनारा, तीन प्रश्न

चिकित्सेचे शिक्षण अमूर्तात होत नाही. त्यासाठी एखादे ठिकाण लागते. आम्ही येथे राजोडीचा किनारा घेतो. अर्नाळा आणि भुईगाव यांच्या दरम्यानचे हे गाव आज वसई-विरार परिसराच्या पश्चिम कडेला आहे. पूर्वेला नालासोपारा, म्हणजे प्राचीन शूर्पारक. 'पेरिप्लस'मध्ये उल्लेखलेले हे बंदर. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूप उकरला, अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा येथेच मिळाला, आणि नवव्या शिलालेखाचा भाग १९५६ मध्ये भुईगावला सापडला. एके काळी गलबते जेथे लागत, ते सोपारे आज समुद्रापासून काही किलोमीटर आत आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे माहीत असते. पर्यावरणाच्या तासाला मात्र तोच विद्यार्थी किनारा ही एक कायमची रेषा आहे असे समजून लिहितो.

या किनाऱ्यामागची पट्टी वाड्यांची. केळी, पानवेल, फुले, भाजीपाला. राजेळी केळी वाळवून केलेली सुकेळी तर वसईची ओळखच. हे सारे उभे राहिले ते विहिरींवर. विहिरींवर पूर्वी रहाट चालत, आणि वाडीत जागोजागी बावखले असत. पावसाचे पाणी धरून ठेवणारी ही छोटी तळी म्हणजे एका अर्थाने विहिरींचीच शिदोरी. रहाटांची जागा पंपांनी घेतली, वस्ती वाढली, अनेक बावखले बुजली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस शहरीकरणाची नवी आखणी आणि टँकरने होणारा पाण्याचा उपसा यांच्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिचे नेतृत्व करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे 'सुवार्ता' या मासिकाचे १९८३ ते २००७ पर्यंत संपादक होते आणि पुढे, २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांचे निधन जुलै २०२४ मध्ये झाले. मराठी लेखक आणि पर्यावरणाचा लढा यांचे नाते दाखवायला याहून जवळचे उदाहरण आम्हाला माहीत नाही. पण ते उदाहरण केवळ गौरवासाठी वापरले, तर पुन्हा संस्काराचाच तास होईल.

पहिला प्रश्न विहिरीचा. किनाऱ्यालगतची विहीर खारट का होते? वर्गात हा प्रश्न टाकला की उत्तर तत्काळ येते: टँकरवाल्यांनी पाणी उपसले म्हणून. हे उत्तर चूक नाही. पण ते उत्तर कसे ठरले, असे विचारले की वर्ग शांत होतो. येथे थोडे विज्ञान आणावे लागते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. त्यामुळे किनाऱ्याच्या सच्छिद्र जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गायबेन या डच आणि नंतर हर्झबर्ग या जर्मन अभियंत्याने यातून एक हिशेब मांडला: समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर तिच्याखाली सुमारे चाळीस मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी टिकते. याचा उलटा अर्थ अधिक भयावह आहे. वरची पातळी अर्ध्या मीटरने उतरली, तर खालून खारे पाणी वीस मीटर वर सरकू शकते.

हा हिशेब कळला की टँकरविरोधी आंदोलनाची भीती भाबडी नव्हती, हे विद्यार्थ्याला पटते. पण चिकित्सा येथे थांबत नाही. हा नियम एकजिनसी, सच्छिद्र जमीन गृहीत धरतो. वसईच्या किनाऱ्यावर वाळू आणि गाळ यांचा थर आहे, आणि त्याखाली दख्खनचा काळा पाषाण. पाणी तेथे भेगांतून फिरते. चाळीस मीटरचा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. शिवाय पातळी उतरण्याची कारणे एकाहून अधिक संभवतात. टँकरचा उपसा हे एक. वाडीतल्या पंपाचा उपसा हे दुसरे, आणि ते बोलणे गावात अवघड असते. बावखले बुजल्याने मुरणे कमी झाले हे तिसरे. खाडीचे पाणी भरतीला आत शिरण्याच्या वाटा बदलल्या हे चौथे. ही कारणे वेगवेगळी कशी करणार? कोणती विहीर आधी खारट झाली, किनाऱ्यापासून किती अंतरावरची, उन्हाळ्यातच की पावसाळ्यानंतरही, पंप बसण्यापूर्वी की नंतर? हे प्रश्न घेऊन विद्यार्थी स्वतःच्या आजीकडे जाऊ शकतो. आजीची आठवण हा पुरावा आहे, आणि प्रत्येक पुराव्याप्रमाणे तो तपासावाही लागतो. दोन आज्यांच्या सांगण्यात दहा वर्षांचा फरक पडला, तर काय करायचे? साहित्याच्या विद्यार्थ्याला याचे उत्तर ठाऊक असायला हवे. पाठचिकित्सेत आपण नेमके हेच करतो: पोथ्या जमवतो, पाठभेद मांडतो, आणि कोणता पाठ का ग्राह्य धरला ते सांगतो.

दुसरा प्रश्न सुरूचा. राजोडीच्या वाळूवरची सुरूची झाडे म्हणजे सहलीला येणाऱ्या माणसाच्या मनातला किनारा. मराठी कथाकादंबऱ्यांतून आणि चित्रपटांतून सुरूचे बन इतके रुजले आहे, की ते येथले नाही असे सांगितले तर विद्यार्थ्यांना आश्चर्य वाटते. सुरू मूळचा ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाचा. भारतात त्याची लागवड १८६८ मध्ये, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कारवारच्या किनाऱ्यावर सुरू झाली. तो भराभर वाढतो, खारे वारे सोसतो, मुळांवरच्या गाठींतील सूक्ष्म जीवांमुळे वाळूतही नत्र मिळवतो, आणि त्याचे सरपण उत्तम. वाऱ्याने उडणारी वाळू अडवण्यासाठी तो लावला गेला आणि ते काम तो करतो. पण लाटेने होणारी धूप अडवणे हे निराळे काम आहे. मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा या आपल्या पुळणीवरच्या वनस्पती जमिनीलगत पसरून वाळू धरून ठेवतात; सुरूच्या दाट सावलीत आणि त्याच्या काड्यांच्या जाड थराखाली दुसरे फारसे काही उगवत नाही.

मग सुरू चांगला की वाईट? येथे विद्यार्थ्यांना आम्ही किनाऱ्यावरून थोडे दूर नेतो, कारण या प्रकारच्या प्रश्नावर एक बोधप्रद वाद घडून गेला आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर किनाऱ्यावरच्या झाडांनी गावे वाचवली, असे सर्वत्र म्हटले जाऊ लागले. २००५ मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील १८ वस्त्यांची आकडेवारी देऊन हे मांडणारा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला: जेथे खारफुटी आणि किनारी वने होती, तेथे जीवितहानी कमी. २००६ मध्ये केर, बेर्ड आणि कॅम्पबेल यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली. ज्या वस्त्यांपुढे झाडे होती त्या मुळातच समुद्रापासून अधिक दूर आणि अधिक उंचावर होत्या. अंतर आणि उंची यांचा हिशेब धरला, की झाडांचा वेगळा परिणाम फारसा उरत नाही, असे त्यांनी दाखवले. वाद पुढेही चालू राहिला. झाडे लावू नयेत असा त्याचा अर्थ नाही. ज्याचे भले व्हावे असे आपल्याला वाटते त्या बाजूचा पुरावाही तितक्याच कठोरपणे तपासावा, एवढाच त्याचा अर्थ आहे. पर्यावरणाच्या तासाला हा धडा सर्वात अवघड जातो, कारण झाडाच्या विरुद्ध बोलणे कोणालाच आवडत नाही.

तिसरा प्रश्न पाण्याखाली गेलेल्या शहराचा. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर काही दिवस पाण्यात होता. रेल्वे थांबली, मिठागरांतील वस्तीतून माणसे बाहेर काढावी लागली. कोणी म्हणाले, पाऊसच विक्रमी होता. कोणी म्हणाले, मिठागरे आणि पाणथळ जागा भरून काढल्या, नाल्यांची तोंडे अरुंद केली. कारणांच्या शोधासाठी 'नीरी' आणि मुंबईची आयआयटी या संस्थांकडे अभ्यास सोपवला गेला. या दोन उत्तरांत निव्वळ वैज्ञानिक फरक नाही. पाऊस दोषी असेल तर जबाबदार कोणीच नाही. भराव दोषी असेल तर सह्या शोधाव्या लागतात. कोणते कारण कोणाला सोयीचे आहे, हे विचारणे चिकित्सेचा भाग आहे. आणि सोयीचे आहे म्हणून ते खोटेच असेल असे नाही, हे लक्षात ठेवणे हाही तिचाच भाग आहे. विक्रमी पाऊस आणि बुजलेला नाला एकाच दिवशी असू शकतात.

पोटखराबा

या तिन्ही प्रश्नांत मराठीच्या अध्यापकाचे काम काय, असे कोणी विचारील. आमच्या मते ते शब्दापासून सुरू होते. सातबाऱ्यावर 'पोटखराबा' असा एक शब्द असतो. लागवडीयोग्य नसलेली जमीन त्यात जाते. आणि रस्ते, पाट, तळी अशा कारणांसाठी राखलेली, म्हणून आकारणी नसलेली जमीनही त्याच शब्दाच्या दुसऱ्या वर्गात जाते. महसुलाच्या दृष्टीने ही वर्गवारी बरोबर आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या काळापासून मुंबई इलाख्याच्या मोजणीचा हेतू सारा ठरवणे हाच होता, आणि सारा देत नाही ती जमीन त्या नजरेला रिकामी दिसणारच. पण पाणी मुरवणारे तळे ज्या कागदावर 'खराबा' म्हणून नोंदले जाते, त्या कागदाच्या भाषेत ते बुजवणे ही सुधारणा ठरते. वाडीतल्या माणसाचा शब्द 'बावखल'. त्यात पाणी आहे, उपयोग आहे, मालकी आणि शेजारही आहे. एकाच खड्ड्याची ही दोन नावे शेजारी ठेवली, की विकास आराखडा हाही एक पाठ आहे, त्याला निवेदक आहे आणि त्याची गाळलेली प्रकरणे आहेत, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

वसईच्या लोकांनी हे वाचन चळवळीतून शिकले. हरित पट्टा, चटईक्षेत्र, हरकती-सूचना हे शब्द शेतकऱ्यांच्या आणि मासळी विकणाऱ्या बायांच्या बोलण्यात आले ते गरजेपोटी. वसई-विरार उपप्रदेशाचा विकास आराखडा २००७ मध्ये मंजूर झाला, जुलै २००९ मध्ये चार नगरपालिका आणि भोवतालची गावे मिळून महानगरपालिका झाली, आणि गावे महापालिकेत असावीत की नसावीत हा वाद त्यानंतर वर्षानुवर्षे चालला. आज आमच्या वर्गात बसणारी मुले त्या वादानंतर वाढलेली आहेत. त्यांच्या घरात नकाशा वाचणारा एखादा आजोबा असतो. नातवाला मात्र 'जैवविविधतेचे महत्त्व' या विषयावर पाच मुद्दे पाठ असतात. एका पिढीने रस्त्यावर मिळवलेले ज्ञान पुढच्या पिढीच्या वर्गात पोहोचू नये, हे या सक्तीच्या विषयाचे खरे अपयश आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो प्रामाणिक आहे. मुलांना प्रत्येक दाव्यावर शंका घ्यायला शिकवले, तर हवामानबदलासारख्या सुस्थापित गोष्टीवरही ती शंका घेतील. निर्णय लांबवू इच्छिणाऱ्यांच्या हातात आयतेच कोलीत मिळेल. पण शंका आणि चिकित्सा एक नव्हेत. शंका घेणारा 'कशावरून?' असे विचारून निघून जातो. चिकित्सा करणारा तो प्रश्न विचारून उत्तर मिळेपर्यंत बसून राहतो, आणि पुरावा पुरेसा झाला की मान्यही करतो. खारट विहिरीच्या प्रश्नावर चारही कारणे ताडून पाहिलेला विद्यार्थी अखेर उपसा कमी करावा याच मताला येईल, अशी शक्यता बरीच आहे. मात्र मग ते मत त्याचे स्वतःचे असेल, आणि हरकती-सूचनांच्या सुनावणीत समोरचा अधिकारी उलट प्रश्न विचारू लागला तर ते टिकेल.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नव्या चौकटीतही क्षेत्रकार्याला आणि प्रत्यक्ष उदाहरणांच्या अभ्यासाला जागा आहे. ती जागा पुन्हा वहीने भरायची की नाही, हे प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांच्या हातात आहे. आमची सूचना साधी आहे. वर्षातून एक तरी प्रश्न असा असावा, ज्याचे उत्तर गेल्या वर्षीच्या वहीत सापडणार नाही: तुमच्या गावातील एका जलाशयाविषयी तलाठ्याच्या कागदातील नोंद, वर्तमानपत्रातील एक बातमी आणि एका वृद्ध व्यक्तीची आठवण ही तिन्ही द्या, त्यांत विसंगती कोठे आहे ते सांगा, आणि ती दूर करण्यासाठी आणखी कोणता पुरावा हवा ते लिहा. असा प्रश्न तपासायला वेळ लागेल, कारण प्रत्येक उत्तर वेगळे येईल. काही उत्तरे तपासणाऱ्यालाही माहीत नसतील. राजोडीच्या मुलाने लिहिलेली उत्तरपत्रिका वाचण्यासाठी परीक्षकाला एकदा राजोडीचा नकाशा उघडून बसावे लागेल, आणि या विषयाच्या परीक्षेत तसे घडणे आम्हाला आवश्यक वाटते.